ऊन सगळ्यांचंच होतं

टाळ्या वाजल्या तेव्हा संपदाला वाटलं, दुसऱ्याच कुणासाठी तरी वाजताहेत. म्हणून तीही वाजवू लागली. तिच्या मांडीवरची आशूही वाजवू लागली. चार वर्षांच्या मुलीला टाळ्यांना कारण लागत नाही. मानेसरच्या पुढे, हायवे सोडून आत, गुणवंत यादवांच्या नर्सरीत हिरव्या जाळीखाली सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि चाळीसेक माणसं तिच्याकडे बघून हसत होती. समोर बसलेल्या एका म्हातारीने तर तिची बोटं दाबली. संपदा हसली. लोक आपल्याकडे बघून हसले की आपण हसायचं, एवढं तिला लहानपणापासून येत होतं. मग चहा आला, आशूला शू लागली, चप्पल सापडेना, निघायची घाई झाली, आणि शेअर ऑटोत चार अनोळखी गुडघ्यांच्या मध्ये आशूला घट्ट धरून बसल्यावर तिने फोन उघडला. झाडं लावणाऱ्या, पहाडी वाचवू बघणाऱ्या त्या छोट्या पक्षाच्या ग्रुपवर सभेचा वृत्तांत आला होता. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'श्रीमती संपदा जी ने संयोजक पद के लिए स्वयं अपना नाम रखा। सभा ने हर्षध्वनि से स्वागत किया।' ती ओळ तिने तीनदा वाचली. ऑटो खड्ड्यातून गेला, तिचं डोकं वरच्या दांडीला लागलं, आणि त्या टणत्कारासरशी सगळं लख्ख कळलं.

काय म्हणाली होती ती? त्याचं असं झालं, की सभेत वाचलेल्या अहवालात चूक होती. पहाडीच्या पायथ्याला धौची, म्हणजे आपल्या धावड्याची, साठ रोपं लावली असं लिहिलं होतं, आणि संपदाने तिथे जाऊन पाहिलं होतं, त्यातली वीसेक विलायती कीकरची, म्हणजे वेड्या बाभळीची होती. ती तसं बोलली. बोलून झाल्यावर नेहमीसारखं तिच्या मनात आलं: ही माणसं उन्हातान्हात राबतात, आणि आपण दोन महिन्यांपूर्वी येऊन त्यांच्या चुका काढतो. तेवढ्यात कुणीतरी विचारलं होतं, कोई बहन नाम रखना चाहें तो रखें, पण ते तिच्या कानांवरून गेलं. ती आपल्याच ओशाळलेपणात होती. गुणवंतजी तिच्याकडे वळून म्हणाले, "संपदा जी, आप कुछ कह रही थीं?" आणि ती घाईघाईने, सारवासारव करत म्हणाली, "नहीं जी, मैं तो बस नाम रखती हूँ। बैठे-बैठे नाम रखना क्या मुश्किल है!" तिला म्हणायचं होतं, मी काय, नुसती नावं ठेवते, बसल्या जागी नावं ठेवायला काय जातं. चिंचवडच्या कॉलनीतलं घर, तिथली आई, आणि आईचं ते एक वाक्य, सगळं त्या दोन शब्दांत होतं. हिंदीत मात्र त्याचा अर्थ एवढाच होत होता, की मी माझं नाव पुढे करते, त्यात काय अवघड आहे.

नीट बस, लोक नावं ठेवतील. एवढ्या मोठ्याने हसू नकोस, लोक नावं ठेवतील. डबा सांडला, फ्रॉक उसवला, स्कॉलरशिप दोन मार्कांनी गेली, लोक नावं ठेवतील. लहानपणी संपदाला वाटायचं की हे लोक एका जागी राहतात, संध्याकाळी एकत्र बसतात, आणि त्या दिवशीच्या सगळ्या मुलींना एकेक नाव ठेवून उठतात. ते कसे दिसतात हे तिने कधी पाहिलं नव्हतं. पुढे तिने त्यांच्यावर एक तोडगा काढला: त्यांच्या आधी आपणच बघायचं. सगळं. गॅसचं बटण, पाण्याच्या बाटलीचं झाकण, स्कूलव्हॅनच्या दाराची खिट्टी, समोरच्याच्या भुवया. एम.एस्सी. झाली, लग्न झालं, प्रसन्नच्या नोकरीमागे पुणे सोडून इथे आली, आशू झाली, आणि ते बघणं वाढतच गेलं. आणि आता त्या न दिसणाऱ्या लोकांच्या ऐवजी चाळीस दिसणारे लोक तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते, तेही तिने न म्हटलेल्या गोष्टीसाठी. ऑटोवाला म्हणाला, "मैडम, बच्ची का हाथ अंदर." आशूचा हात तर आतच होता. तरी तिने तो आणखी आत घेतला.

"मग सांगून टाक ना त्यांना," प्रसन्न म्हणाला. तो कुकरचं झाकण लावत होता. रविवारचा वरणभात त्याच्याकडे असे. "हिंदीत घोळ झाला म्हणावं. बिल्कुल सिंपल आहे."

"सांगणारच आहे."

"पण संयोजक म्हणजे काय गं, एक्झॅक्टली? अध्यक्ष?"

"तसंच. दोन असतात. एक पुरुष, एक बाई. गुणवंतजी आहेतच. बाई मिळत नाहीये. आधीची चेतना होती, ती बंगलोरला गेली."

"म्हणजे तुला माणसांना कन्व्हिन्स करावं लागणार," प्रसन्न म्हणाला. "यार, तू अजून मला दुधीवर कन्व्हिन्स करू शकली नाहीस."

ती हसली, आणि हसता हसता तिने कुकरची शिट्टी नीट बसली आहे का ते बघितलं. त्याने ते बघणं बघितलं. मग हात पुसत, जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "मला चालेल, हं. झालीस तरी चालेल. पण झोप तुझी उडते, माझी नाही. ते तू बघ." हा त्याचा चांगुलपणा होता. तिला मात्र वाटलं, त्याने नाही म्हणायला हवं होतं. कुणीतरी नाही म्हटलं असतं तर सोपं होतं.

मुळात ती या पक्षात आली तीही बघण्यामुळेच. त्यांच्या सोसायटीच्या मागची भिंत संपते तिथून अरवलीची एक पहाडी सुरू होते. पहाडी कसली, उंटाने बसता बसता अर्ध्यात विचार बदलावा तशी दिसणारी एक टेकडी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला रोज सकाळी ट्रक दिसायचे. यायचे, राडारोडा ओतायचे, जायचे. ती आशूच्या चित्रकलेच्या वहीमागे ट्रकचे नंबर लिहू लागली. कशासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं. "आई, काय लिहितेस?" "राडारोडा टाकतात ना, त्यांचे नंबर." "लाला रोडा?" आशू खुदखुदली, आणि मग दिवसभर घरात लाला रोडा नावाचा एक माणूस वावरत होता, लबाड, मिशा असलेला. दिल्लीकडे वाढणाऱ्या पोरांचे मराठी शब्द असे वाटेत गळतात, आणि कधी गळताना त्यांना मिशा फुटतात. त्या नंबरांचा फोटो कुणीतरी सांगितलं म्हणून तिने या पक्षाच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी एक टक्कल पडलेले वृद्ध गृहस्थ सोसायटीच्या फाटकावर उभे. "मी बाळ देवस्थळी. चव्वेचाळीस वर्षं दिल्लीत. कृषी मंत्रालयातून निवृत्त. हे लोक मला बाल जी म्हणतात. हिंदीत बाल म्हणजे केस. बघा आता, आहे का एक तरी?" ती मोकळेपणाने हसली होती. या शहरात आल्यापासून अनोळखी माणसासमोर इतकी मोकळी पहिल्यांदाच. आणि सभेचा वृत्तांत लिहायचं काम याच बाळकाकांकडे होतं.

गुरुवारी आशूला प्लेस्कूलमधून घेऊन ती थेट नर्सरीत गेली. बाळकाका एका उलट्या घमेल्यावर बसून पिशव्यांतल्या रोपांना चिठ्ठ्या बांधत होते. आशू पाइपच्या पाण्याकडे धावली. संपदा अशी बसली की पाइप, आशू आणि फाटक तिन्ही एका नजरेत राहतील.

"काका, परवा माझी चूक झाली. मला म्हणायचं होतं, मी नुसती नावं ठेवते. म्हणजे आपल्यातलं नावं ठेवणं. यांनी ते..."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तुला काय म्हणायचं होतं ते. मला तिथल्या तिथे कळलं. तिथे मराठी समजणारा दुसरा होता कोण?"

"मग?"

"मग काय," बाळकाका गाठ मारत म्हणाले, "पहिली टाळी मीच वाजवली."

संपदाच्या कानशिलांत रक्त चढलं. इतकी साधी, इतकी गोड लबाडी तिच्याशी कुणी केली नव्हती, आणि म्हणून तिचा राग नेमका कुठे ठेवावा तिला कळेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं की डोळ्यांतलं पाणी पुसावंसंही वाटत नाही. "तुम्ही मला फसवलंत," ती म्हणाली. "मला लहान मूल आहे. मला... तुम्हाला माहीत नाही मी कशी आहे ते."

"फसवलं. अगदी बरोबर. चीड माझ्यावर." त्यांनी चिठ्ठी खाली ठेवली. "रविवारी नुसतं म्हण, नाम वापस लेती हूँ. विषय संपला. चूक बाल जींची, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, असं मी सांगेन."

"आणि बाईचं नाव आलंच नाही तर?"

"तर पक्षाच्या घटनेत लिहिलंय ते. समिती बरखास्त. नव्याने नोंदणी, नव्याने सगळं. मी शहात्तरचा आहे. माझ्या हातून आता नव्याने व्हायचं नाही, आणि गुणवंत एकटा काय करेल. ट्रकवाले वाट बघतायत." हे ते कुठलाही दबाव न आणता, उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं बोलले. मग हसले. "आणि एक सांगतो. पुढारी व्हायला आपणहून पुढे आलेला माणूस मी या पक्षात अजून पाहिला नाही. माझं काय झालं? अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी विचारलं, कौन लेंगे? मला वाटलं समोसा. मी हात वर केला. गुणवंतला बायकोने पाठवलं, घरात डोकं खाता म्हणून. चेतना पावसात अडकली म्हणून आत आली होती. स्वयंसेवक म्हणजे काय, संपदा, चुकून आलेला आणि परत जायला लाजलेला माणूस."

"मी लाजणार नाही," ती म्हणाली. "मी वापस घेणार."

"घे की. पण कागद घेऊन ये. तो वाचल्याशिवाय वापसही घेता येत नाही, असा गुणवंतचा नियम आहे."

तो कागद काय, हे तिला माहीत होतं. गेल्या सभेत कुणीतरी सांगितलं होतं. या पक्षात उभं राहणारा माणूस भाषण करत नाही. आपण लावलेल्या रोपांपैकी किती मेली, त्यांची यादी वाचतो. प्रत्येकापुढे कारण लिहायचं, आणि एक कारण चालत नाही: गर्मी. गुणवंतजी म्हणत, गर्मी सबकी थी. ऊन सगळ्यांचंच होतं. तुम्ही काय केलं नाहीत ते सांगा.

शनिवारी दुपारी आशू झोपली तेव्हा संपदा कागद घेऊन बसली. दोन वर्षांपूर्वी, पक्षबिक्ष काही नव्हतं तेव्हा, तिने भिंतीपलीकडे पहाडीच्या कडेला चौदा रोपं लावली होती, आपली आपण, कुणाला न सांगता. त्यांतली पाच जगली. मेलेल्या नऊपैकी प्रत्येकाचा चेहरा तिला आठवत होता. रोपाला चेहरा असतो हे तिने कुणापुढे बोलून दाखवलं नसतं. बोर: आळं केलं नाही. खैर: बकऱ्या, कुंपण उद्यावर टाकलं. तिसरं, चौथं. पाचव्याशी पेन थांबलं. पाचवा पळस होता. इथे त्याला ढाक म्हणतात. तिने तो घेतला तो पळस म्हणून, घराकडच्या रस्त्याची आठवण म्हणून. त्या संध्याकाळी ती त्याला पाणी घालत होती, पहिलं पान फुटलं होतं, तळहाताएवढं, वरून लव असलेलं, आणि तिने त्या पानाला बोट लावलं. एवढंच. बोट लावलं आणि मान वळवली तर मागे आशू नव्हती. दोन वर्षांची आशू. भिंत होती, भिंतीतलं छोटं फाटक उघडं होतं, ट्रकची धूळ खाली बसत होती. सात मिनिटं. सात हा आकडा तिने नंतर फोनवरून काढला, वॉचमनच्या कॉलवरून. त्या वेळी त्यांना लांबी नव्हतीच. तिला आपला स्वतःचा आवाज आठवत होता, आशू आशू, आणि तो आवाज हळूहळू आईच्या आवाजासारखा होत गेल्याचं आठवत होतं. मग वॉचमनच्या केबिनमागे, कुत्रीच्या पिल्लांत बसलेली आशू, तोंडाला माती. वॉचमन म्हणाला, "कुछ नहीं हुआ मैडम, बच्चे हैं।" काहीच झालं नव्हतं. म्हणूनच तिने प्रसन्नला सांगितलं नाही, आईला तर नाहीच. जे झालंच नाही ते कसं सांगणार? पण दोन महिने ती त्या फाटकापलीकडे गेली नाही, आणि मे होता. मग एका सकाळी खिडकीतून दिसलं, पळसाची काडी झाली होती. तेव्हापासून तिला पक्कं माहीत होतं की तिचं बघणं कुचकामी आहे. एका पानाकडे बघितलं तर मूल जातं. मुलाकडे बघितलं तर पळस. आणि या बाईच्या हातात लोक आता एक आख्खी पहाडी द्यायला निघाले होते.

पाचव्यापुढे तिने लिहिलं, पाणी दिलं नाही. ते खरंच होतं. मग कागदाच्या मागे हिंदीत एक वाक्य लिहून प्रत्येक शब्द तपासला, कुठे मराठी आत शिरली नाही ना: मैं अपना नाम वापस लेती हूँ।

रविवारी सकाळी जाळीखाली तीच माणसं होती, थोडी जास्तच. आधी गुणवंतजी उठले. उंच, वाळका माणूस, वाचायचा चष्मा दोरीने गळ्यात. दोनशे बारा मेली, ते म्हणाले, आणि एकेक वाचू लागले. कुणी चुळबुळ केली नाही. "चालीस नीम, टैंकर के पीछे नहीं पड़ा। ग्यारह खैर, जड़ खोलके देखी नहीं, थैली समेत गाड़ दिए। एक रोहेड़ा..." इथे ते थांबले. "रोहेड़ा, छोरी का ब्याह था, भूल गया।" मागून कुणी बाई म्हणाली, "छोरी खुश है ना, भाई साहब?" "खुश है।" "तो चलो।" आणि ते पुढचं वाचू लागले. संपदाला वाटलं होतं हा जरा नाटकीपणा असेल. तसं काहीच नव्हतं. अंगावरची धूळ झटकावी तसं ते वाचत होते, आणि झटकताना कुठे कुठे लागली होती ते आपोआप दिसत होतं.

मग ती उठली. आशू तिच्या ओढणीचं टोक धरून उभी राहिली. तिने कागद दोन्ही हातांनी धरला. बोर, खैर, तिसरं, चौथं. आवाज बरा निघत होता. "पाँचवाँ, ढाक। पानी नहीं दिया।" पुढचं नाव वाचायला तिने तोंड उघडलं आणि ते आलं नाही. गुणवंतजी चष्म्यावरून बघत होते, हटकायला नव्हे, वाट बघायला. बाळकाकांचं पेन थांबलं होतं. "पानी इसलिए नहीं दिया," ती म्हणाली, आणि आपण हे म्हणतो आहोत याचं तिला नवल वाटलं, "कि उस दिन उसका पत्ता देखते-देखते मेरी बेटी खो गई थी। सात मिनट। उसके बाद मैं उधर गई ही नहीं। दो महीने। किसी को बताया भी नहीं।"

जाळीवर एक वाळलेली शेंग पडली, टप्. आता, तिला वाटलं. आता ते नावं ठेवतील. वर्षानुवर्षं संध्याकाळी एकत्र बसणारे ते लोक शेवटी दिसतील, त्यांचे चेहरे असे असतील, सतरंजीवर मांड्या घालून बसलेले, चहाचे कागदी कप हातात. तिने बघितलं. गेल्या रविवारी तिची बोटं दाबणारी म्हातारी पुढे झुकून, काळजीने, जणू हे आत्ताच घडतंय असं विचारत होती, "मिल गई ना?"

"हाँ," संपदा म्हणाली. "ये रही।"

सगळ्यांनी आशूकडे बघितलं. आशूने ओढणी तोंडात घातली. कुणीतरी हसलं, मग बरेच जण, आणि म्हातारी मागे टेकत म्हणाली, "मेरा वाला तो हरिद्वार में दो दिन में मिला था। अब दुबई में है, वहाँ से भी नहीं मिलता।" हसण्याची आणखी एक लाट गेली. संपदाने बाकीची चार वाचली. वाचताना तिच्या लक्षात आलं की गेल्या दोन-तीन मिनिटांत तिने आशूकडे एकदाही बघितलेलं नाही. ओढणीला मात्र ओढ होती, तेवढी पुरत होती.

"और पाँच?" गुणवंतजींनी विचारलं.

"पाँच ज़िंदा हैं।"

"ठीक।" त्यांनी मान डोलावली. बाळकाका तिच्याकडे बघत होते. तोंडावर हसू नव्हतं. पेन हातात होतं आणि चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, म्हण, मी लिहितो. ती कागद उलटा करणार होती. वाक्य तयार होतं. पण गुणवंतजींचं लक्ष सभेच्या पुढच्या गोष्टीवर गेलंही होतं, दोन बोटांनी चष्मा वर सारत, खिशातून फोन काढत ते म्हणाले, "पहाड़ी पे मंगलवार को टैंकर आवेगा। ड्राइवर नया है, रास्ता पूछेगा। किसने फोन करे?" आणि फोन कुणाला करायचा हा प्रश्न हवेत तसाच ठेवून ते तिच्याकडे बघू लागले, जसं घरातल्या माणसाकडे बघतात.

मंगळवार. मंगळवारी आशूला अर्धा दिवस असतो. टँकर मागच्या फाटकाने येणार नाही, तिथली चढण मोडली आहे. त्याला शाळेच्या बाजूने आणावं लागेल, आणि हे इथे बसलेल्यांपैकी कुणाला माहीत नाही. तिला माहीत आहे, कारण ती रोज बघते.

"मुझे," कागद न उलटताच संपदा म्हणाली. "मुझे करे।"

"नंबर बोलो जी।"

ती बोलायला गेली, आणि त्याआधीच तिच्या कमरेशी एक खणखणीत आवाज सुरू झाला. आशू. हरवलीस तर सांगायचं म्हणून रोज आंघोळीच्या वेळी घोटवून घेतलेला आईचा नंबर. कुणीही मोठ्या माणसाने 'नंबर' म्हटलं की सांगायचा, घाबरायचं नाही, रडायचं नाही. "नऊ, आठ, सात, एक..." ती मान वर करून, प्रत्येक आकड्याला पाय आपटत म्हणत होती. गुणवंतजी भराभर बटणं दाबत होते. "...एक, सहा..."

"रुक, बेटा, रुक। यो सहा के होवै है?"

"छह," बाळकाका म्हणाले.

पण आशूला मधूनच पुढे जाता येत नसे. एकदा थांबवलं की तिला सगळं पहिल्यापासून म्हणावं लागायचं. तिने ओढणी सोडली, हात मागे बांधले, श्वास घेतला. संपदाने तिला पुढचा आकडा सुचवला नाही. नऊ, आशू म्हणाली. आठ.